मॉरिशसचं तिकीट आणि नैरोबीचा फाटा: एका सांगलीकर कुटुंबाच्या प्रवासपूर्व तपासणीचं प्रकरण

कुटुंब पाच जणांचं. काका सदुसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त, मधुमेहाला पंधरा वर्षं झालेली. काकू त्रेसष्ट वर्षांच्या, संधिवाताच्या (आमवाताच्या) जुन्या रुग्ण. दर रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट 15 मिलिग्रॅम आणि इतर दिवशी फॉलिक ॲसिड असा त्यांचा नेम. मुलगा आणि सूनबाई पुण्यात नोकरीला, आणि त्यांची साडेचार वर्षांची मुलगी. नावं इथे देत नाही, ती लागतही नाहीत. काकांच्या निवृत्तीनंतर राहून गेलेला परदेश दौरा मुलाने मे महिन्याच्या सुट्टीत ठरवला होता, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळे माझ्यासमोर बसले होते. निघायला जेमतेम पाच आठवडे उरले होते.

प्रश्न साधा होता. "डॉक्टर, मॉरिशसला जायचंय, कुठल्या लशी घ्याव्या लागतात?"

नुसतं मॉरिशस असतं तर उत्तर दहा मिनिटांत संपलं असतं. पण ट्रॅव्हल एजंटने दिलेला कागद मुलाने टेबलावर ठेवला आणि त्यात मुंबई–नैरोबी, मसाई मारामध्ये तीन रात्री, मग मॉरिशसला सहा रात्री आणि परत नैरोबीमार्गे मुंबई असा मार्ग होता. "सफारी जवळपास फुकटात पडतेय," असं मुलगा म्हणाला. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: लसीकरणाची जबाबदारी प्रवाशाची.

गाठ कुठे होती

मॉरिशसमध्ये पिवळा ताप (डासांमुळे पसरणारा यलो फीवर) नाही. भारतातही नाही. पण केनिया जागतिक आरोग्य संघटनेच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे. यादीतल्या देशातून येणाऱ्या एक वर्षावरच्या प्रत्येक प्रवाशाकडे मॉरिशस लशीचं प्रमाणपत्र मागतं. अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलेल्यालाही ते लागतं. म्हणजे मुंबईहून थेट गेलात तर कोणी विचारणार नाही, पण मारातले सिंह बघून गेलात तर पाचही जणांकडे लशीच्या प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक हवं.

परतीच्या वाटेवर भारत स्वतः दारात उभा असतो, आणि या एका बाबतीत आपला देश जगातल्या सगळ्यात कडक देशांपैकी आहे. यादीतल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरतो आणि ज्याच्याकडे वैध प्रमाणपत्र नाही, त्याला विमानतळावरूनच विलगीकरणात नेता येतं. सहा दिवस का, तर डास चावल्यापासून ताप यायला साधारण जास्तीत जास्त तेवढाच वेळ लागतो. इतका धाक का, याचं कारण आपल्या घराघरात आहे. पिवळा ताप पसरवणारा एडिस इजिप्ती डास मुंबई-पुण्यात, सांगली-मिरजेत, कुंड्यांखालच्या बशांत आणि गच्चीवरच्या टाक्यांत सुखाने राहतो. डेंग्यू तोच पसरवतो. डास आहे, लस न घेतलेली कोट्यवधी माणसं आहेत, फक्त विषाणू नाही. तो आत येऊ नये म्हणून ही तटबंदी.

त्यामुळे मार्गाच्या क्रमालाही अर्थ येतो. आधी मारा आणि नंतर मॉरिशसमध्ये आठवडाभर राहून थेट मुंबईला आलं, तर भारताचे सहा दिवस टळून जातात, फक्त मॉरिशसची अट उरते. आधी मॉरिशस आणि शेवटी मारा केलं, तर मॉरिशस काही विचारत नाही, पण मुंबईत अडकतो. आणि या कुटुंबाच्या कागदावर परतीचं विमानही नैरोबीमार्गेच होतं. एजंटचं म्हणणं होतं, "अहो, पाच तासांचा थांबा आहे, एअरपोर्टच्या बाहेर पडायचंच नाही." नुसत्या थांब्याला सूट मिळू शकते हे खरं. पण प्रवासी विमानतळाबाहेर गेलाच नाही हे मुंबईतल्या आरोग्य अधिकाऱ्याला पटावं लागतं, ते आपण गृहीत धरायचं नसतं. शिवाय विमान कंपनीचा काउंटरवरचा माणूस सूट-बिट बघत नाही. त्याच्या यादीत प्रमाणपत्र असेल तर तो प्रमाणपत्रच मागतो.

मग घ्यावी लस, असं म्हणावं, तर काकूंना ती देता येत नव्हती.

पिवळ्या तापाची 17डी लस जिवंत विषाणूची आहे, कमकुवत केलेल्या पण जिवंत. मेथोट्रेक्सेट प्रतिकारशक्ती दाबून धरतं, म्हणून तर सांधे शांत राहतात. अशा माणसाच्या अंगात लशीचाच विषाणू मोकाट सुटण्याचा धोका असतो. औषध बंद करून लस द्यायची, तर साधारण तीन महिने थांबावं लागतं. तीन रात्रींच्या सफारीसाठी तीन महिने सांधे पेटू द्यायचे, हा सौदा मिरजेच्या त्यांच्या संधिवाततज्ज्ञांनी फोनवरच मोडीत काढला.

काकांना लस निषिद्ध नव्हती, पण साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत क्वचित गंभीर दुष्परिणाम होतात. यकृत, मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत जाणारे. प्रमाण फार थोडं, पण वयाबरोबर वाढणारं. पिवळ्या तापाचा खरा धोका असलेल्या भागात महिनाभर राहायचं असतं तर मी घ्या म्हटलं असतं. इथे लस आजारासाठी नव्हती, कागदासाठी होती. अशा वेळी तराजू दुसरीकडे झुकतो.

वैद्यकीय कारणाने लस देता येत नसेल तर डॉक्टर तसं लेखी देऊ शकतात, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या पुस्तकात त्यासाठी जागाही असते. मुलाचा सगळा भर त्यावरच होता. "तुम्ही लेटर द्या ना." पत्र मी दिलं असतं, ते खरंच होतं. पण ते मानायचं की नाही हे उतरल्या देशातला अधिकारी ठरवतो, आणि मानलं तरी देखरेखीखाली ठेवण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतोच. दोन सीमा, दोन अधिकारी, आणि हातात मधुमेही नवरा व चार वर्षांची नात. मी पत्राच्या भरवशावर जाऊ नका असं स्पष्ट सांगितलं.

दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. सफारी रद्द, मुंबई–मॉरिशस थेट विमान. एजंटने रद्द करण्याचे पैसे कापले आणि वर ऐकवलं की आजवर कोणी असं विचारलं नव्हतं.

मग खुद्द मॉरिशससाठी काय

फाटा गेल्यावर सक्तीची एकही लस उरली नाही. लोक इथेच फसतात. सक्ती नाही म्हणजे गरज नाही, असं धरून चालतात. सक्तीची लस त्या देशाचं रक्षण करते, आपलं रक्षण करणाऱ्या लशी कोणी विमानतळावर तपासत नाही.

पाच जणांची गरज पाच तऱ्हांची निघाली. काका-काकूंची पिढी विहिरीच्या आणि ओढ्याच्या पाण्यावर वाढलेली. त्यांना लहानपणी हिपॅटायटिस ए नकळत होऊन गेलेला असण्याचीच शक्यता जास्त. दोघांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं सापडली, लशीचा खर्च वाचला. मुलगा मात्र फिल्टरच्या पाण्यावर वाढलेला, त्याच्या रक्तात काही नव्हतं. त्याला आणि सूनबाईंना पहिला डोस दिला; एका डोसाने प्रवासापुरतं संरक्षण मिळतं, दुसरा सहा महिन्यांनी. नातीचे दोन्ही डोस बालरोगतज्ज्ञांनी आधीच दिलेले होते, पण गोवर-गालगुंड-रुबेलाचा तिसरा डोस राहिला होता, तो उरकून घेतला. विषमज्वराची लस मुलगा आणि सूनबाईंना दिली, पण खरं सांगायचं तर ती मॉरिशससाठी नव्हती. टायफॉइड व्हायची शक्यता तिकडच्यापेक्षा पुण्याच्या पाणीपुरीत जास्त. निमित्त मिळालं की लस उरकून घ्यावी एवढंच.

फ्लूची लस ज्येष्ठांना सुचवली की हमखास उत्तर येतं: "मे महिन्यात कसला फ्लू?" मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे. आपला मे म्हणजे तिकडे थंडीची चाहूल, आणि फ्लूचा हंगाम त्याच सुमाराला सुरू होतो. काका मधुमेही, काकूंची प्रतिकारशक्ती दबलेली. दोघांना फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा जंतू) अशा दोन्ही लशी दिल्या. दोन्ही निष्क्रिय, त्यामुळे मेथोट्रेक्सेटची अडचण नाही. उलट फ्लूची लस चांगली लागू व्हावी म्हणून, सांधे शांत असतील तर, लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवतात. संधिवाततज्ज्ञांनी तेवढी मुभा दिली. काकूंनी एप्रिलमधले दोन रविवार गोळी घेतली नाही, त्रास झाला नाही. ही मुभा पुढे कथेत परत येणार आहे.

आपण त्यांना काय देऊ शकतो

हिवतापाबद्दल मुलाने विचारलं, "बेटावर मलेरियाच्या गोळ्या सुरू करायच्या का?" गरज नव्हती. इथे गंमत अशी की मॉरिशसला मलेरियाची भीती आपल्यामुळे वाटते.

त्या बेटावर मलेरिया मूळचा नव्हताच. एकोणिसाव्या शतकात, उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर जहाजांनी नेले जात होते त्या काळात, तो शिरला आणि 1860च्या दशकात पोर्ट लुईमध्ये त्याने हजारो माणसं मारली. या जहाजांपैकी काही मुंबई बंदरातून कोकणची माणसं घेऊन गेली, तिथल्या मराठी समाजाची मुळं त्यांच्यात आहेत. पटकीच्या भीतीने अशी जहाजं फ्लॅट आयलंडसारख्या ओसाड बेटांवर अडकवून ठेवत. सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणारे रोनाल्ड रॉस 1907 मध्ये मलेरिया कसा रोखावा हे बघायला मॉरिशसला गेले होते. 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश मलेरियामुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. 1975 मध्ये जर्वेझ चक्रीवादळ आलं, पडझड झाली, पाणी साठलं, बाहेरून आलेल्यांच्या रक्तातून परजीवी परत शिरला आणि मलेरिया पुन्हा उसळला. तो दुसऱ्यांदा घालवायला 1990च्या दशकाची अखेर उजाडली.

म्हणून आजही मलेरिया असलेल्या देशांतून येणाऱ्यांची तिथले आरोग्य कर्मचारी नोंद ठेवतात. ताप आहे का, कुठे राहणार, असं विचारतात आणि ताप असेल तर रक्ताचा नमुना घेतात. काकांना हे आधी सांगून ठेवलं होतं, नाहीतर "आम्हालाच का?" म्हणून तिथे वाद झाला असता. उतरल्यावर त्यांना प्रश्न विचारले गेले, हॉटेलचा पत्ता लिहून घेतला, संपलं.

डासांचा खरा प्रश्न दुसरा होता. हिंदी महासागरातल्या या पट्ट्यात चिकनगुनियाची मोठी साथ 2005-06 मध्ये आली. शेजारच्या रियुनियन बेटावर तीनेकातल्या एका माणसाला तो झाला, मॉरिशसलाही झळ बसली आणि त्याच 2006 साली महाराष्ट्रात गावंच्या गावं सांधे धरून बसली, हे अनेकांना आठवत असेल. 2025 मध्ये रियुनियन आणि मॉरिशसमध्ये तो परत आला. तिथला वाहक मुख्यतः एडिस अल्बोपिक्टस, पट्टेरी डास, दिवसा आणि घराबाहेर चावणारा. म्हणजे रात्रीची मच्छरदाणी इथे फारशी कामाची नाही. बागेत नाश्ता करताना, धबधब्याशी फोटो काढताना पायांवर रिपेलंट हवं. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर रिपेलंट. उलटा क्रम केला तर रिपेलंट झाकलं जातं.

चिकनगुनियाची लस आहे ना, असं सूनबाईंनी विचारलं. आहे, पण तिच्यातली पहिली लस पुन्हा जिवंत विषाणूचीच, आणि रियुनियनमध्ये ज्येष्ठांना दिल्यावर गंभीर त्रास दिसले. 2025च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने तिचा परवाना स्थगित केला. काकूंसाठी तो रस्ता बंदच होता.

औषधांची पेटी

दुसऱ्या भेटीत मी औषधं दाखवायला सांगितली. काकूंनी पर्समधून निळा प्लास्टिकचा डबा काढला, सात कप्पे, वारांची नावं लिहिलेली, आत सगळ्या गोळ्या पट्टीतून काढून भरलेल्या. घरी हे उत्तम. परदेशात नेताना अडचण, कारण कोणती गोळी कसली हे कोणालाच कळत नाही. आणि मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तर जीवघेणी, कारण आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर अस्थिमज्जा बंद पडते. त्या पट्टीवर जाड पेनाने "फक्त रविवार" लिहिलं आणि ती डब्याबाहेर ठेवायला लावली.

पेटीत गुडघ्यांसाठी ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची पट्टी होती, काकांच्या खोकल्याचं कोडीनचं सिरप होतं आणि झोपेसाठी अल्प्राझोलमही. आपल्याकडे अर्ध्या घरांत सापडतील अशी औषधं. मॉरिशसचा अमली पदार्थांचा कायदा कडक आहे आणि ही औषधं त्याच्या कक्षेत येतात. पूर्वपरवानगी आणि मूळ चिठ्ठीशिवाय नेली तर विमानतळावर अडवतात. मी सिरप आणि ट्रॅमाडॉल काढूनच टाकलं. अल्प्राझोलमबद्दल काकू अडून बसल्या, "ती नसली की मला झोपच येत नाही." दोन पर्याय दिले, रीतसर परवानगीचा अर्ज किंवा आतापासून हळूहळू कमी करणं. त्यांनी दुसरा निवडला आणि तो चक्क जमला.

जुलाबासाठी कुटुंबाची एक ठरलेली गोळी होती, सेप्ट्रान. ती मेथोट्रेक्सेटबरोबर घेतली तर रक्तातल्या पेशी धोकादायक रीतीने खाली येऊ शकतात. काकूंच्या फाइलवर हे लाल पेनाने लिहिलं. बाकी सगळ्यांसाठी ओआरएसची पाकिटं. काकांच्या डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीबद्दल वेगळी सूचना: उलट्या-जुलाब सुरू झाले, खाणं थांबलं, की ती गोळी त्या दिवशी बंद आणि मेटफॉर्मिनबद्दल फोन करा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाम किंवा ॲस्पिरिन नाही, कारण तो ताप डेंग्यूचा असू शकतो. घड्याळाचा प्रश्न नव्हता, मॉरिशस आपल्यापेक्षा जेमतेम दीड तास मागे आहे, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा तशाच ठेवल्या.

विम्याच्या अर्जात एजंटने परस्पर "जुने आजार: नाहीत" असं भरून टाकलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला लावलं. हप्ता वाढला, पण खोट्या अर्जावर दावा मिळत नाही. तिथल्या तातडीच्या वैद्यकीय सेवेचा 114 हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घातला.

समुद्राबद्दल दोनच गोष्टी बजावल्या. लगूनच्या उथळ पाण्यात दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश असतो, म्हणून पाण्यात रबरी बूट. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि लगेच दवाखाना. दुसरं, दक्षिणेच्या ग्रीग्री किनाऱ्यावर प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, ओढ जबर असते, तिथे फक्त बघायचं. गंगातलावाच्या माकडांना खाऊ घालू नका असंही सांगितलं. मॉरिशसमध्ये रेबीज नाही, पण चावा तो चावाच, आणि नात खाऊ दिल्याशिवाय राहिली नसती.

परतल्यावर

प्रवास सुखरूप झाला. आल्यावर तिसऱ्या दिवशी काकू आल्या त्या हाताची बोटं सुजलेली घेऊन, मनगटं ताठ, अंगात 99.8 ताप. मुलाने आधीच निदान केलं होतं: चिकनगुनिया.

दिसायला तसंच होतं. बेटावरून परत, ताप, दोन्ही बाजूंचे लहान सांधे सुजलेले. पण आमवात उसळल्यावरही हेच चित्र दिसतं, आणि चिकनगुनिया समजून नुसतं पॅरासिटामॉलवर ठेवलं तर सांधे झिजत राहतात. उलट चिकनगुनियाला आमवात समजून स्टेरॉइड दिलं तर तेही चुकतं. त्याच दिवशी चिकनगुनियाची पीसीआर, डेंग्यूची एनएस1, मलेरियासाठी रक्ताची काच आणि रक्तपेशी पाठवल्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत काकूंना पट्ट्या आणायला सांगितल्या.

"फक्त रविवार" लिहिलेल्या पट्टीत जेवढ्या गोळ्या उरायला हव्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच जास्त होत्या. एप्रिलमध्ये दोन रविवार गोळी न घेता बरं वाटलं होतं, तेव्हा प्रवासाच्या आधीचे आणि मधले रविवारही त्यांनी सोडले. "विमानात एवढी माणसं, म्हटलं अंगात ताकद असू दे." संधिवाततज्ज्ञांनी मुभा दिली होती ती लशीनंतरच्या दोन आठवड्यांची. बाकीची मुभा काकूंनी स्वतःच घेतली होती.

तिन्ही तपासण्या निगेटिव्ह, प्लेटलेट्स नॉर्मल, शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं. दहा दिवसांनी चिकनगुनियाची आयजीएम (प्रतिपिंडांची तपासणी) करून पाहिली, तीही निगेटिव्ह. मेथोट्रेक्सेट परत सुरू झालं, सोबत काही दिवस तज्ज्ञांच्या सल्ल्याने थोडं स्टेरॉइड, आणि जूनच्या अखेरीस काकू पुन्हा पोळ्या लाटू लागल्या.

मुलाच्या डोक्यातून मारा गेलेलं नाही. डिसेंबरसाठी तो तिघांचाच बेत करतोय. पिवळ्या तापाची लस तिघांनाही देता येते, पण ती कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र लशीनंतर दहा दिवसांनी वैध होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. या वेळी मलेरियाच्या गोळ्याही लागतील. नातीचा गोवर-गालगुंड-रुबेलाचा डोस एप्रिलमध्येच झाला आहे, त्यामुळे दोन जिवंत लशींमध्ये जे चार आठवड्यांचं अंतर लागतं ते केव्हाच पूर्ण झालंय. मुलाचा आणि सूनबाईंचा हिपॅटायटिसचा दुसरा डोस ऑक्टोबरमध्ये आहे, मुंबईच्या केंद्राची वेळ त्यांनी त्याच आठवड्यात घेतली आहे.